सूप शेवटच्या मुलापर्यंत पुरलं पाहिजे

'जपानमध्ये शाळेत शिपाई नसतात, मुलंच सगळं करतात' हा मेसेज आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर अधूनमधून उगवतोच. त्यातलं शिपायाचं काही खरं नाही. आम्ही तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, निशिकासाईजवळ राहतो. इथे आपली बरीच माणसं आहेत. लेक जाते त्या सरकारी शाळेत दुरुस्ती, देखभाल करणारी माणसं आहेत, स्वयंपाकघरात स्वयंपाकीही आहेत. पण वर्ग झाडणं, जुन्या टॉवेलच्या फडक्याने फरशी पुसणं आणि दुपारचं जेवण वाढणं ही कामं मुलांची.

शाळेतल्या जेवणाचा कायदा इथे 1954चा. घंटा झाली की ज्यांची पाळी ती मुलं पांढरा डगला, टोपी, मास्क चढवतात आणि पातेल्यांची गाडी वर्गात आणतात. सात-आठ वर्षांची पोरं डावाने सूप वाढतात. आपल्या पंगतीतल्या वाढप्याला जो अंदाज लागतो, तोच इथे लागतो. सुरुवातीला हात सैल सोडला की शेवटच्या चार वाट्या कोरड्या. मग बाई ओरडत नाहीत, नुसत्या थांबतात. कुणीतरी उठून आपल्या वाटीतलं थोडं परत ओततं, मग दुसरं उठतं. सगळ्यांची ताटं भरेपर्यंत कुणी घास घेत नाही. एखादं पुडिंग उरलंच तर 'जानकेन', म्हणजे दगड-कागद-कात्री. त्यात मात्र कसलीही दयामाया नसते!

आमची लेक मासे-मांस खात नाही, तिचा डबा घरून जातो. तरी पाळी चुकत नाही. स्वतः भेंडी-पोळी खायची आणि इतरांना तळलेले मासे वाढायचे. हे ऐकून सांगलीहून सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, तिला कशाला हात लावायला लावतात?" लेकीने फोनवरच उत्तर दिलं, "आजी, चिमटा असतो." शुक्रवारी तो डगला घरी येतो. धुऊन, इस्त्री करून सोमवारी द्यायचा, कारण पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जाणार.

आमच्या शाळेत या सगळ्याला बक्षीस नाही, स्टिकर नाही. मला ते आधी रूक्ष वाटायचं. पण जर्मनीतल्या लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग वाचले आणि मत बदललं. 2006 साली त्यांनी दाखवलं की दीड वर्षाची मुलंसुद्धा, अनोळखी माणसाचा कपड्याचा चिमटा खाली पडला तर उचलून देतात, त्याचे हात भरलेले असतील तर कपाटाचं दार उघडतात. कुणी न सांगता, काही न मिळता. 2008च्या प्रयोगात वीस महिन्यांच्या काही मुलांना प्रत्येक मदतीला खेळणं दिलं गेलं. खेळणं बंद झाल्यावर ती इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. म्हणजे इच्छा उपजतच असते. आपणच लाटणं हातातून काढून घेतो, "राहू दे, सांडशील" म्हणतो आणि दहा वर्षांनी तक्रार करतो की मुलं काडी हलवत नाहीत.

इथलं सगळंच गोड नाही. सगळ्यांनी एकसारखं वागण्याचा दाब भारी असतो, हळू जेवणाऱ्या किंवा बुजऱ्या मुलाची त्यात घुसमट होते. आणि हे उचलून जसंच्या तसं आपल्याकडे लावा, असंही मी म्हणणार नाही. आपल्याकडे झाडू कुणाच्या हाती दिला जातो, हा प्रश्न साधा नाही. पाळी खरोखर सगळ्यांची असेल तरच त्याला अर्थ. सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत मुलं सफाई आणि स्वयंपाक करायची, ती याच अटीवर.

घरी मात्र ही वाढपी स्वतःचं ताटही उचलत नव्हती. शाळेसारखा पाळीचा तक्ता करून फ्रिजवर लावला, तर तिने तो नीट वाचला आणि विचारलं, "यात बाबा कुठेयत?" आता मंगळवार-शुक्रवारची भांडी बाबांकडे आहेत. कढई ते अजून भिजत घालूनच ठेवतात.