एक्स२३० विरुद्ध एक्स२४०: बॅटरीचा हिशेब वॅटमध्ये

यापुढे लॅपटॉपच्या बॅटरीची तुलना तासांत करायची नाही, वॅटमध्येच करायची, हे आता पक्कं. जुन्या लॅपटॉपची प्रत्येक बॅटरी वेगळी झिजलेली असते. 'माझा पाच तास चालतो' यावरून प्रोसेसरबद्दल काहीच कळत नाही. चार्जर काढायचा, पॉवरटॉप (लिनक्सवर विजेचा खर्च दाखवणारं प्रोग्राम) उघडायचं आणि बॅटरीतून किती वॅट जाताहेत ते बघायचं.

या वेळची जोडी: थिंकपॅड एक्स२३० (२०१२, इंटेलची आयव्ही ब्रिज पिढी, प्रोसेसर आय५-३३२०एम) आणि एक्स२४० (२०१३, त्यापुढची हॅसवेल पिढी, आय५-४३००यू; यू म्हणजे कमी वीज खाणारी चिप). दोन्हींत दोन कोर, चार थ्रेड. टीडीपी, म्हणजे चिपची ठरवलेली वॅटमर्यादा, अनुक्रमे ३५ आणि १५ वॅट. पण टीडीपी हा पूर्ण भाराचा आकडा. नुसतं टाइप करताना ३३२०एम काही ३५ वॅट ओढत नाही. ब्राइटनेस कमी, वायफाय चालू, एडिटर उघडा, अशा स्थितीत एक्स२३० सहा-सात वॅटवर, एक्स२४० चारच्या आसपास. हॅसवेलची यू चिप दोन कळा दाबण्यामधल्या क्षणातसुद्धा झोप काढते, आणि तिची झोप सी१०पर्यंत खोल जाऊ शकते (सीपुढचा आकडा जितका मोठा, तितकी झोप गाढ). खरी कमाई तिथे आहे.

ही झोप आपोआप लागेलच असं नाही. पॉवरटॉपमध्ये 'आयडल स्टॅट्स'चा टॅब उघडा आणि पॅकेजचा, म्हणजे अख्ख्या चिपचा, रकाना बघा. माझ्या एक्स२४०वर तो सी३पेक्षा खोल जातच नव्हता. टीएलपी या वीज वाचवणाऱ्या लिनक्स प्रोग्राममधून साटा लिंकचं (डिस्कच्या जोडणीचं) पॉवर मॅनेजमेंट चालू केलं, तेव्हा कुठे सी७ दिसायला लागला. हे तपासल्याशिवाय कुणीही हॅसवेलला नावं ठेवू नयेत!

लिनक्सचा कर्नल (गाभा) कंपाइल करण्यासारखं जड काम घेतलं की पारडं फिरतं. ३३२०एमचा टर्बो, म्हणजे कमाल वेग, ३.३ गिगाहर्ट्झ, ४३००यूचा २.९, शिवाय सलग भार आला की यू चिप १५ वॅटमध्ये राहण्यासाठी वेग उतरवते. एक्स२३०ला रॅमचे दोन स्लॉट, म्हणजे १६ जीबी, एक्स२४०ला एकच. जड कामाला मी आजही एक्स२३०च उघडतो.

यूट्यूबवर मात्र दोघांचीही दमछाक होते. तिथे व्हिडिओ व्हीपी९ या फॉरमॅटमध्ये येतो आणि ते हार्डवेअरवर डिकोड करायची सोय दोन्ही चिपांत नाही, सगळा भार कोरवर पडतो. ब्राउझरला एक्स्टेन्शन लावून एच.२६४ हा जुना, हार्डवेअरवर चालणारा फॉरमॅट मागवला की वॅट लगेच उतरतात. व्हीपी९ची पूर्ण सोय इंटेलच्या केबी लेक पिढीपासून आली, म्हणून पुढची मोजणी आय५-७२००यूवाल्या एक्स२७०ची.