एकच खोली, तीन रंग : खोपोलीतल्या आमच्या लॉजची वाटचाल

अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी 1986 साली खोपोलीत जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खानावळ काढली, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाले. घाट चढायच्या आधी इंजिनात पाणी, पोटात भात-आमटी, आणि मग वर शिंगरोबाच्या देवळापाशी नाणं टाकून पुढे. माडीवर चार खोल्या. दाराशी पत्र्याची पाटी : ‘खोलीभाडे रु. 60. उधार बंद.’ आषाढ असो की दिवाळी, भाव एकच. अण्णांना त्याचा अभिमान होता. रेशन दुकानात साखरेचा भाव माणूस बघून बदलतो का, असं ते विचारायचे.

2002 साली एक्सप्रेसवे पूर्ण सुरू झाला आणि रस्त्यावरचा आवाजच गेला. त्यानंतरची दहा वर्षं आम्हाला गणपतीने तारलं. महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर दोन्ही आमच्या टप्प्यात, त्यामुळे अष्टविनायकाच्या गाड्या थांबायच्या. अंगारकीला आणि माघी जयंतीला खोल्या भरायच्या, एरवी कॉटवर धूळ.

एप्रिल 2013 मध्ये पाली रस्त्याला इमॅजिका हे थीम पार्क सुरू झालं, पुढच्या वर्षी त्यांचं वॉटर पार्क आलं, 2015 मध्ये पार्कला लागूनच नोव्होटेल हे मोठं हॉटेल उभं राहिलं. आम्ही चाराच्या आठ खोल्या केल्या, गिझर बसवले, दोन फॅमिली रूम काढल्या. भाव मात्र अण्णांच्या शिस्तीने एकच : 1200.

पहिल्याच दिवाळीत त्याची किंमत मोजली. एका एजंटने ऑगस्टमध्येच ॲडव्हान्स देऊन भाऊबीजेपासूनचे आठ दिवस सगळ्या खोल्या घेतल्या. मी खूश. दिवाळीत पाहुण्यांना चहा देताना सहज विचारलं, तर कळलं की त्यांनी एका रात्रीचे 2600 मोजलेत. म्हणजे चादरी आमच्या, गिझर आमचा, आणि वरचे 1400 त्याचे. पुढच्या वर्षी त्या रागात मी 31 डिसेंबरचा भाव थेट 5000 करून टाकला. पालीला दरवर्षी जाणारं चिंचवडचं एक कुटुंब त्या वर्षी दारातून परत गेलं. काकू काहीच बोलल्या नाहीत, नुसतं पाटीकडे बघितलं. ते लोक पुन्हा आले नाहीत. एजंटने 1400 नेले त्यापेक्षा हे मला जास्त लागलंय.

अण्णांना भाव बदलण्याचं पटवलं ते मेथीने. संध्याकाळी सातनंतरच बाजारात जायचं, भाजीवाली उठायच्या घाईत असताना तीन जुड्या दोनच्या भावात आणायच्या, ही त्यांची जुनी सवय. मी म्हटलं, आपली खोली त्या मेथीपेक्षाही नाशवंत. जुडी निदान सकाळी भाकरीत मळता येते, मंगळवारची रिकामी रात्र बुधवारी विकता येत नाही. खोली उघडली की चादरी धुणं, वीज, साबण, पोऱ्याची मजुरी धरून साडेतीनशे जातात. त्याच्या वर जे मिळेल ते मिळालंच. अण्णा गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं म्हणजे होकार.

तेव्हापासून दर डिसेंबरात नवं कालनिर्णय आलं की मी आणि बायको तीन रंगीत पेन्सिली घेऊन बसतो. लाल म्हणजे महाग, हिरवा मधला, निळा पडत्या भावाचा. आज खोल्या अकरा आहेत. निळ्या दिवशी साधी खोली 1300, लाल दिवशी 3200, त्यापलीकडे जायचं नाही, हा चिंचवडच्या काकूंचा नियम.

लाल रंग भरायला अक्कल लागत नाही. भाऊबीजेपासून शाळा उघडेपर्यंत, नाताळ ते 1 जानेवारी, आणि जोडून आलेल्या सुट्ट्या. 2025 चा 15 ऑगस्ट शुक्रवारी, शनिवारी दहीहंडी, मग रविवार. महिनाभर आधीच बुकिंगचा फळा भरला होता. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वॉटर पार्कमुळे आठवड्याचे दिवसही हिरव्याखाली उतरत नाहीत, त्यात खालापूरचा उकाडा.

निळा मात्र अभ्यासाने येतो. तो पंचांगापेक्षा शाळेच्या वेळापत्रकात जास्त असतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चभर बारावी-दहावीच्या परीक्षा, पाठोपाठ बाकीच्यांच्या. हवा छान, खोल्या रिकाम्या. ज्यांची मुलं अजून बालवाडीत आहेत त्यांनी हेच दिवस धरावेत, असं मी फोनवर सरळ सांगतो. जूनमध्ये शाळा उघडल्या की सोमवार ते गुरुवार एकदम पडतात. जोराचा पाऊस आला की नायट्रोसारख्या उघड्यावरच्या राइड थांबवतात हे खरं, पण डीप स्पेस ही राइड छपराखाली आहे आणि रांग नसते. पावसाळ्यातला शनिवार मात्र फसवा. तो धबधब्यावाल्यांचा असतो, पार्कशी त्यांचा संबंध नाही, तरी खोल्या तेच भरतात. आणि धबधब्यांवर बंदीचा हुकूम निघाला की शुक्रवारी संध्याकाळी तेच लोक फोन करून ॲडव्हान्स परत मागतात.

स्वस्त खोली म्हणजे कमी गर्दी, असं मात्र धरून चालू नका. डिसेंबर-जानेवारीतल्या मंगळवारी आमची खोली निळी असते, पण पार्कात शाळांच्या सहलींच्या बस उभ्या असतात. त्या मुलांना मुक्काम नाही, म्हणून आमच्या फळ्यावर ती दिसत नाहीत. तुम्हाला रांगेत दिसतील.

वर्षभर स्वस्त असणारी एकच रात्र आहे, रविवारची. शनिवारी येऊन रविवारी पळायचं ही सगळ्यांची रीत. रविवारी दुपारी या, आराम करा, सोमवारी सकाळी ताजेतवाने पार्कात जा. लाल हंगाम सोडून ही रात्र आम्ही निळ्यातच देतो. कामावर एक रजा टाकावी लागते, ती खोलीच्या फरकात निघून जाते.

सगळ्यात निळे दिवस पितृपक्षाचे. गणपती झालेले, पाऊस ओसरत आलेला, डोंगर हिरवेगार, आणि लोक शुभकार्य नको म्हणून घरात. एकदा अण्णांनी दादरच्या एका गृहस्थांना फोनवर खणखणीत आवाजात सांगितलं, “पितृपक्षात या हो, निम्म्यात देतो.” पलीकडून “काय बोलता!” आणि फोन बंद. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवरून त्यांच्या सूनबाई बोलल्या. दोन खोल्या, दोन रात्री, सासऱ्यांसकट.

मार्च 2020 ला सगळंच बंद झालं. त्या दिवसांत आम्ही डबे दिले, आणखी काय लिहायचं. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांच्या आतल्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पाहुण्याचा फायदा झाला, आमचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, गेलं. हिशोब आमचा सीए करतो, मी फक्त सही करतो.

जुनी पाटी अजून जिन्याखाली आहे. मध्ये एका पोराने तिचा फोटो काढला आणि काउंटरवर येऊन म्हणाला, काका, बोर्डावर साठ रुपये लिहिलंय. अण्णा आतून ओरडले, “दे त्याला. पण पंखा तेव्हाचाच लाव.”

2026 च्या कॅलेंडरने यंदा पेच टाकलाय. अधिक ज्येष्ठ आल्यामुळे त्यानंतरचे सगळे सण पुढे सरकलेत : गणपती 14 सप्टेंबरला, पितृपक्ष 10 ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे निळे दिवस यंदा बऱ्यापैकी कोरडे मिळणार. पण त्यातच 2 ऑक्टोबर आलाय शुक्रवारी. भर पितृपक्षात तीन दिवसांची जोडून सुट्टी. बायको म्हणते लाल, मी म्हणतो निळा. अण्णांना विचारलं, तर ते म्हणाले, सातनंतर ठरवा. तूर्तास त्या तीन चौकोनांत साध्या पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आहे, आणि एक फोन येऊनही गेलाय.