सान आंतोनच्या कमानीखाली

स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी यात्रेत बुर्गोसचे कॅथेड्रल पाहिले, यात्रेच्या पुस्तिकेवर शिक्का घेतला आणि निघालो; त्यापुढचे मेसेताचे पठार मला सलग आठवत नाही. कापणी झालेली गव्हाची शेते, दूरवर न दिसणारी सावली आणि टाळमृदंगाविना चालताना ऐकू येणारा स्वतःचाच श्वास, एवढेच मनात राहिले आहे. ओंतानास मागे पडल्यावर उजव्या टाचेवरचा फोड फुटला. सांतियागोच्या वाटेवर बोजा गाडीने पुढे पाठवून हलक्या अंगाने चालणारे पुष्कळ असतात; त्यांच्यातला प्रत्येक जण मला ओलांडून जाताना हसून शुभेच्छा देत होता आणि माझ्या मुखात 'ज्ञानबा तुकाराम' असूनही मनात त्याच्याविषयी बरे काही येत नव्हते.

तापलेल्या डांबरी रस्त्याने पाय ओढत निघालो असता समोर दगडी कमान आली आणि रस्ता सरळ तिच्याखालून गेला. हेच सान आंतोनचे रुग्णालय. राजा सातव्या आल्फोन्सोच्या आश्रयाने 1146 साली ही संस्था उभी राहिली; आज दिसणारे भग्न बांधकाम बहुतांशी चौदाव्या शतकातले आहे. येथे अंतोनी पंथाचे साधू 'संत अँथनीची आग' झालेल्यांची शुश्रूषा करीत. राय धान्याच्या कणसावर अर्गट नावाची बुरशी धरते. ते पीठ पोटात गेले की रक्तवाहिन्या आकसतात, अंगाची आग होते, हातापायांची बोटे काळी पडून झडतात. उत्तरेकडचे गरीब हाच पाव खाऊन आजारी पडत आणि नवस बोलून दक्षिणेकडे चालू लागत. साधू त्यांना आशीर्वादासह गव्हाचा पाव देत. दूषित अन्न सुटल्यामुळे कित्येकांना उतार पडला असणार; त्यामुळे संताचे श्रेय उणे होते असे मला वाटत नाही, कारण अनोळखी रोग्याला फुकट गव्हाचा पाव देणे त्या काळी काही लहान गोष्ट नव्हती.

कमानीतल्या कोनाड्यांत रात्री उशिरा येणाऱ्यांसाठी अन्न ठेवलेले असे. आता तेथे यात्रेकरू चिठ्ठ्या खोचतात, आणि हा कागदाचा केर मला मुळीच आवडला नाही.

1787 साली स्पेनमधला हा पंथ विसर्जित झाला, वास्तू खाजगी मालकीत गेली आणि छप्पर कोसळले. उरलेल्या भिंतींच्या आडोशाला आज विजेविना एक लहानसा निवारा चालतो. तिथल्या सेवेकरी बाईंनी मला बाकावर बसवले, माझा बूट उलटसुलट करून त्याविषयी बरेच सुनावले, अर्थात स्पॅनिशमध्ये, आणि कोमट पाण्याने पाय धुऊन दुसऱ्या, न फुटलेल्या फोडातून सुईने दोरा ओवला. आपल्या दिंडीतल्या एखाद्या आजीनेही हेच केले असते, आणि तितकेच रागावून. मी संकोचून पाय मागे घेतला, तेव्हा त्यांनी घोटा धरून तो पुन्हा पुढे ओढला. मग हातावर पावाचा जाड तुकडा ठेवला. तो मी उभ्याने खाल्ला नाही, बसून खाल्ला.

त्यांच्याकडे खाट शिल्लक नव्हती. दानपेटीत पैसे टाकून मी कास्त्रोखेरीसपर्यंत लंगडत गेलो. तेथेही फक्त वरचा पलंग उरला होता. बोजा गाडीने पाठवणाऱ्यांपैकीच एका गृहस्थांनी माझा पाय पाहून आपला खालचा पलंग मला दिला, आणि रात्रभर वरून घोरून मला झोपू दिले नाही.