मामा तलावाची फाइल आणि एक रकाना

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावचा माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यातला) पाणथळ म्हणून अधिसूचित व्हावा, यासाठी संक्षिप्त दस्तऐवज भरायचं काम माझ्याकडे आलं. नकाशा, क्षेत्र, पक्ष्यांची यादी, धोके ही पानं पंधरा दिवसांत झाली. अडलं ते एका रकान्यावर: नैसर्गिक की मानवनिर्मित?

मी खरं तेच लिहिलं, मानवनिर्मित. इथल्या कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेला तलाव आहे. टेबलापलीकडचे साहेब म्हणाले, “धानाला पाणी जातं ना? मग हा सिंचनाचा. २०१७ च्या पाणथळ नियमांत खास सिंचनासाठी बांधलेले तलाव येत नाहीत. फाइल घेऊन जा.”

काठाच्या देवधानात, म्हणजे रानटी भातात, सारसाचं घरटं आहे, ढिवरांची मासेमारी आहे, उन्हाळ्यात गुरं तिथंच पाणी पितात. हे सगळं मी सांगितलं. “रकान्यात बसत नाही,” एवढंच उत्तर. चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला शंभर किलोमीटर आणि बुडालेला दिवस. राग अजून गेलेला नाही. नियमातला ‘खास’ हा शब्द कुणी वाचायलाच तयार नव्हतं.

वाट दाखवली गावातल्या एका आजोबांनी. म्हणाले, “निस्तार पत्रक काढ ना बापू.” गावाच्या सामायिक हक्कांची ही जुनी सरकारी नोंद. अभिलेख कक्षातून तिची नक्कल मिळाली. त्यात या तलावावर गुरांना पाणी पाजण्याचे आणि मासे धरण्याचे गावाचे हक्क स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे तलाव एकट्या सिंचनाचा कधीच नव्हता. ती नक्कल आणि ग्रामसभेचा ठराव जोडला. पाचव्या खेपेला फाइल स्वीकारली गेली. कार्यालयाच्या पायरीवर बसून मी घरी फोन केला, तेव्हा आवाज फुटत नव्हता.

तुमच्या गावचा तलाव असेल तर आधी निस्तार पत्रक काढा, पक्षी नंतर मोजा. क्षेत्र पावसाळ्यानंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा, असं दोनदा मोजा. मे महिन्यात उघडी पडणारी जमीनही तलावाचीच असते, आणि अतिक्रमण तिथूनच सुरू होतं. बेशरम (काठाने फोफावणारं झुडपी तण) किती पसरलीय तेही नकाशावर दाखवा. माशांची नावं ढिवरांना विचारूनच लिहा. माझ्या पहिल्या यादीत निम्मे मासे सुटले होते.

आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पहिल्या दोन खेपांची माझ्याकडे पोचच नाही.