एवढं ऊन आहे, मग सगळं सोलरवर का नाही?

घानात राहणाऱ्यांना घरून हा प्रश्न येतोच, आणि डिसेंबरात तर हमखास. अक्रात तेव्हा पाऊस जवळपास थांबलेला असतो. पण नेमक्या त्याच दिवसांत इथल्या गच्चीवरची पॅनेल मंदावतात. सहाराकडून हरमाटन सुटतो, कोरडा ईशान्येचा वारा. फेब्रुवारीपर्यंत तो अधूनमधून बारीक धूळ घेऊन येत राहतो. उत्तरेला नवरोंगोकडे त्याचा जोर जास्त. सूर्य उगवतो तोच चंद्रासारखा फिकट.

हवेतली धूळ आपल्या हातात नाही. काचेवरची आहे. पहाटे दव पडलं की धुळीचा चिखल होतो, उतारावरून खाली ओघळतो आणि फ्रेमच्या कडेशी वाळून बसतो. चार बोटं रुंदीची तांबूस पट्टी. एवढ्याशा पट्टीनं काय होतंय, असं वाटतं. पण पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात. एका सेलमधून प्रवाह कमी झाला की अख्खी माळ अडते. साध्या पॅनेलमध्ये अशा तीन माळा लांबीच्या दिशेनं जातात, प्रत्येकीला स्वतंत्र बायपास डायोड, म्हणजे अडलेल्या माळेला वळसा घालून प्रवाह पुढे नेणारा भाग. पॅनेल उभं, म्हणजे लांब बाजू वर-खाली ठेवून लावलं तर खालची पट्टी तिन्ही माळांना एकदम गाठते. अर्धा सेल झाकला की वीजही जवळपास अर्धी. तेच पॅनेल आडवं लावा, मग फार तर एक माळ जाते, म्हणजे एकतृतीयांश. नव्या हाफ-कट, म्हणजे अर्धे कापलेले सेल असलेल्या पॅनेलचा वरचा अर्धा भाग उभ्या जोडणीतही चालू राहतो. जुनी घेणार असाल तर आडवीच लावा.

दुसरी चूक आपल्याकडून आलेले लोक सर्रास करतात. अक्षांश तेवढा उतार, हा नियम पुण्यात अठरा-वीस अंशांना छान लागू पडतो. अक्रा साडेपाच अंशांवर. तेवढाच उतार दिला तर काच जवळपास सपाट राहते, पाणी कडेला तुंबतं आणि गाळ तिथंच वाळतो. तोंड दक्षिणेला करा आणि किमान दहा अंश ठेवा. कोनामुळे जी थोडी वीज जाते ती काच स्वच्छ राहिल्यानं भरून निघते.

हरमाटनात आठवड्यातून एकदा धुणं आलंच. उजाडताना धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. आधी भरपूर पाणी ओतून धूळ सुटू द्या, मगच मऊ स्पंज लावा. कोरडं फडकं फिरवलंत तर वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. साबण नको, त्याचा थर राहतो आणि त्यावर धूळ आणखी चिकटते.

देशाच्या पातळीवर पाहिलं तर सोलरचा वाटा अजून फार छोटा आहे. आकोसोम्बो धरण 1965 साली पूर्ण झालं. त्याचा व्होल्टा जलाशय सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर, आणि नव्या स्वतंत्र देशानं एवढं उभं केलं याचं मला मनापासून कौतुक वाटतं. तरी वीज 1,020 मेगावॅट, आणि आपली कोयना 1,960. पण ही तुलना सरळ नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात कोसळतं, इथं तसा उतारच नाही. आता घानाची निम्म्याहून जास्त वीज औष्णिक आहे, मुख्यतः गॅसवरची. ऑगस्ट 2012 मध्ये टोगोजवळ समुद्रातली गॅसवाहिनी जहाजाच्या नांगरानं तुटली आणि अडचणी वाढत गेल्या. 2015 मध्ये चोवीस तास अंधार, बारा तास वीज असं वेळापत्रक लागलं. त्याला तुई भाषेत डुमसोर म्हणतात. डुम म्हणजे विझव, सो म्हणजे पेटव. आपल्या ‘भारनियमन’पेक्षा हा शब्द कितीतरी प्रामाणिक आहे.

घरच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र बुईला दिसतं. काळ्या व्होल्टा नदीवरच्या 400 मेगावॅटच्या या धरणाशेजारी 50 मेगावॅटची पॅनेल आहेत, शिवाय थोडी पाण्यावर तरंगणारी. ती दिवसा चालतात तेवढं पाणी धरणात राहतं, आणि अंधार पडला की तेच टर्बाइनवर सोडता येतं.