आठ चौरस आणि नवा गडी

दिवाळीनंतर शाळेत दाखल झालेल्या मुलाला बाकावर जागा लगेच मिळते, वर्गात मिळायला वर्ष जातं. कुणाच्या वडिलांची बदली झालेली, कुणी मामाकडे शिकायला आलेलं. आपल्या शाळेत अशा पोरांना सामावून घेतलं ते खो-खोच्या मैदानानं, वक्तृत्व स्पर्धांनी नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ गडी मैदानात असतात. आठ जण मधल्या पाटीवरच्या चौरसांत एकाआड एक उलट तोंडं करून बसतात आणि नववा धावतो. नव्या पोराला खांबाजवळ बसवू नये. तिथे खांबावर सूर मारणारे मुरलेले गडी लागतात. त्याला चौथ्या-पाचव्या चौरसात बसवावं. तिथे दोन्हीकडचे खो येतात, त्यामुळे तो खेळात राहतो.

मात्र खो त्याला मिळाला पाहिजे. जुनी पोरं सवयीनं आपल्या मित्रालाच खो देतात. नवा चौरसात नुसता बसून राहतो आणि बचावाच्या गड्यांना तिथे मोकळी वाट सापडते. उपाय सोपा आहे: सरावात चौरस रोज बदलायचे.

नवख्याचा फाऊल बहुतेकदा दोनच कारणांनी होतो. खो मिळण्याआधीच तो उठतो, किंवा खो देताना हात आधी लागतो आणि आवाज मागून येतो. स्पर्श आणि ‘खो’ एकदमच व्हावे लागतात, तेही पंचांना ऐकू जाईल असे. वर्गात हजेरीला ज्याचा ‘हजर’ ऐकू येत नाही, त्याला इथे ओरडावंच लागतं. फाऊल झाला की धावणाऱ्याला उलट दिशेनं जावं लागतं, म्हणजे हाताशी आलेला गडी निसटतो.

बचावात तर प्रत्येक अंगकाठीला काम आहे. तिघांच्या तुकडीत बुटकी, चपळ पोरं साखळी खेळतात, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळतात. उंच आणि थंड डोक्याचा गडी हूल देऊन वेळ काढतो. शंभर मीटरच्या शर्यतीवरून संघ निवडणारे इथेच चुकतात, कारण खो-खोत सरळ धावण्यापेक्षा वळणं जास्त.

शाळेच्या महोत्सवानिमित्त खो-खोसाठी मॅट आणायचा विचार चालला आहे, असं कानावर आलं. 2025 चा पहिला विश्वचषकही मॅटवरच झाला, तेव्हा जरूर आणा. पण मॅटवर बूट लागतात, ते प्रत्येक घरात परवडतातच असं नाही. म्हणून शेजारी मातीचं एक मैदान ठेवा: खडे वेचलेलं, सरावाच्या आधी पाणी मारलेलं, फक्कीनं आखलेलं.