तुम्ही विचारलंत म्हणून: संस्थेत सगळं मिळतं, मग घर कशाला?

हळदीकुंकवाला विचारतात, ट्रेनमध्ये विचारतात, परवा भाचीच्या साखरपुड्यातही विचारलं. "तुमच्या मुलांना फिजिओ आहे, डॉक्टर आहे, वेळेवर जेवण आहे, मग अशा दिव्यांग मुलांसाठी दत्तक घ्यायला घरं कशाला शोधत बसता?" 11 वर्षं अनाथ, सोडून दिलेल्या लहान मुलांच्या शिशुगृहात सोशल वर्कर आहे, दरवेळी विषय बदलते. आज लिहूनच टाकते.

आणि प्लीज लगेच वझ्झरच्या अनाथ दिव्यांग मुलांच्या आश्रमाचं उदाहरण देऊ नका. तो चालवणाऱ्या शंकरबाबा पापळकरांना 2024 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आम्ही पेढे वाटलेत. पण त्यांनी काय केलं ते बघा ना, मुलांना बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं, मुलींची लग्नं लावली, अठरा झाली की बाहेर काढा या नियमाशी भांडले. हे बाप करतो हो. बाकी ठिकाणी मावश्यांच्या शिफ्ट असतात. आमच्या मावश्यांनी तापातल्या मुलांना मांडीवर घेऊन रात्री काढल्यात, त्यांच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही, पण ड्युटी संपली की त्यांनाही घरी जायचंच असतं ना.

आता जे मी कुठे बोलत नाही ते.

एक मुलगी होती चार वर्षांची, सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम, डावी बाजू कमजोर, फिट्स यायच्या. हेल्दी बाळासाठी वेटिंग तीन वर्षांच्या वर जातं, स्पेशल नीड्सची मुलं मात्र दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर तशीच पडून असतात, त्यामुळे एक जोडपं स्वतःहून तिला बघायला आलं तेव्हा मला काय करू नि काय नको झालं होतं. मेडिकल रिपोर्टमध्ये सगळं होतं, त्यांनी वाचून सह्या केल्या होत्या. तरी त्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, फिट्स मोठ्या येतात का हो?" मी म्हटलं, "औषधं चालू आहेत, कंट्रोलमध्ये आहे." खोटं नव्हतं, त्या महिन्यात एकही आली नव्हती. आदल्या महिन्यात दोन आल्या होत्या. ते मी बोलले नाही.

51 दिवसांनी परत आणली. दत्तक आदेश अजून व्हायचा होता, त्यामुळे कागदोपत्री काही अडलं नाही. रात्री मोठी फिट आली, चार दिवस हॉस्पिटल, ते दोघं पार घाबरून गेले होते. बाई गाडीतून उतरल्याच नाहीत. बॅगेत इस्त्री केलेले पाच फ्रॉक आणि औषधाच्या प्रत्येक स्ट्रिपला रबर लावून वेळेची चिठ्ठी, त्यांच्या अक्षरात.

संध्याकाळी ती मुलगी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसली. आत मोठ्या पातेल्यात भात शिजत होता. तिने उजव्या हाताचं एक बोट वर केलं आणि वाट बघत राहिली. मला कळेचना. मग मावशी म्हणाल्या, "मॅडम, शिट्टी." कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकली होती ती त्या घरात. आमच्याकडे चार वर्षांत तिने कुकर पाहिलाच नव्हता.

मग संस्थेत सगळं मिळतं म्हणता ना, ते हे.

पण तेव्हाची मी ठासून सांगायची की कसलंही का असेना, घर ते घर. आता तसं म्हणवत नाही. रिपोर्ट त्यांनी वाचला होता, निर्णय त्यांचा होता, हे मी स्वतःला शंभर वेळा सांगितलंय आणि शंभर वेळा ती बाजूला घेऊन विचारणारी बाई आठवते. खरं सांगितलं असतं तर त्यांनी तिला नेलंच नसतं कदाचित. मग त्या शिट्ट्याही नसत्या. ते बरं झालं असतं का? माहीत नाही मला, खरंच.

हल्ली मी पालकांना आधी दिवसभर मुलासोबत बसवते, औषधं त्यांच्याच हातून द्यायला लावते, फिटचा व्हिडिओ दाखवते. बरेच जण पुन्हा येत नाहीत. आधी व्हायच्या तेवढ्या प्लेसमेंट आता होत नाहीत, वर ऐकूनही घ्यावं लागतं.

ती नऊची झालीय. सहा पूर्ण झाल्यावर दिव्यांग मुलांच्या बालगृहात गेली, तिथे नवीन मावश्या, पुन्हा पहिल्यापासून. पोर्टलवर प्रोफाइल आहे अजून. गुरुवारी एक जोडपं तिला बघायला येतंय, मलाही बोलावलंय. गेल्या वर्षभरातल्या सगळ्या फिट्सच्या तारखा मी कागदावर उतरवून ठेवल्यात, आणि खाली कुकरचंही लिहिलंय.